येथे भावना रंगवून मिळतील

कर्जतच्या दहिवलीत पेंटर म्हटलं की एकच माणूस. त्यांना आडनाव असणार, आधार कार्डावर ते छापलेलंही असणार, पण गावाला त्याची कधी गरज पडली नाही. पोस्टमन ‘पेंटर’ अशी हाक मारून पाकीट टाकतो आणि घरातून वहिनीसुद्धा ‘अहो पेंटर, सिलिंडर आलाय’ असंच ओरडतात. ही उपाधी त्यांना आताशा टोचते. ‘पेंटर भिंतीला असतो साहेब, मी चित्रकार,’ असं ते प्रत्येक नव्या ओळखीला एकदा सांगतात. समोरचा मान डोलावतो आणि विचारतो, ‘बरं पेंटर, गेटला काय घ्याल?’

त्यांचं कार्ड पाहण्यासारखं आहे. वर मोठ्या वळणदार अक्षरांत ‘स्वयंशिक्षित चित्रकार’. त्याखाली ‘भावना व वारसा यांचा रंगाविष्कार’. आणि अगदी तळाला, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, ‘नंबर प्लेट, शटर, पाण्याच्या टाकीवरील नावे’. घर तळच्या ओळीवर चालतं. वरच्या दोन ओळींवर बोलणं चालतं.

असा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तरी असतो. शाळेत असताना एलिमेंटरीला बसलेला, क श्रेणी मिळालेली आणि त्या श्रेणीमागे कला संचालनालयाचं काहीतरी राजकारण आहे अशी जन्मभर खात्री असलेला. आमच्या पेंटरांनी म्हणे परीक्षेत स्मरणचित्रात पावसाळा काढला होता आणि आकाश तांबडं केलं होतं. ‘परीक्षक पुण्याचे असणार,’ ते म्हणतात, ‘त्यांना कोकणातला पाऊस काय ठाऊक!’

खरं शिक्षण झालं ते पत्र्यावर. पूर्वी कर्जतच्या बाजारात बोर्ड लिहायचा म्हणजे सोहळा असे. आधी पत्र्याला रेड ऑक्साइडचा हात, तो वाळला की पांढऱ्याचे दोन हात, मग रंगाची दोरी ताणून फट्कन मारायची की रेघ उमटली. मग अक्षरं बेतायची. ‘किराणा व भुसार मालाचे व्यापारी’ एका ओळीत बसवायचं तर पहिला ‘कि’ काढण्याआधीच शेवटच्या ‘री’ची जागा डोळ्यांनी मोजून ठेवावी लागते, नाहीतर ‘व्यापा’पर्यंत बोर्ड संपतो आणि ‘री’ भिंतीवर. पेंटरांची ‘री’ कधी भिंतीवर गेली नाही. मग फ्लेक्स आला. सकाळी फोन केला की संध्याकाळी गुंडाळी हजर, वर वाढदिवसवाल्याच्या चेहऱ्याखाली मित्रमंडळींचे वीस चेहरे फुकटात. फ्लेक्सबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही. चौकातल्या एका अक्षराला वेलांटी कुठे संपते हे ठाऊक नसावं आणि त्याच अक्षरांत आमदारांना शुभेच्छा द्याव्यात, हे फक्त आपल्याकडे चालतं.

बोर्डाचं काम आटलं आणि पेंटर काही दिवस दुकानाच्या पायरीवर नुसते बसून होते. तेवढ्यात पुतण्याने त्यांचं एक चित्र मोबाइलवर टाकलं. चित्र साधंच होतं, उल्हास नदी आणि पलीकडे भाताची खाचरं. पण पुतण्याने खाली लिहिलं, ‘काकांनी रंगातून भावना मांडल्या आहेत.’ रात्रीत दोन-तीनशे माणसांना त्या भावना आवडल्या. पेंटर सकाळी उठले ते चित्रकार होऊनच.

त्यानंतर दुकानाच्या भिंतीवर कोष्टक लागलं. तांबडा म्हणजे आक्रोश. निळा म्हणजे विरह. हिरवा म्हणजे माती. मातीला मातकट का नको, हे विचारायचं नाही. पिवळा म्हणजे वैराग्य. करडा म्हणजे मध्यमवर्ग. जांभळ्यापुढची जागा अजून मोकळी आहे, कारण त्याचा डबा महाग पडतो.

या कोष्टकाची पहिली परीक्षा झाली ती चारफाट्याजवळच्या एका वडेवाल्याच्या बोर्डावर. कर्जतमध्ये वडा विकायचा म्हणजे स्टेशनवरच्या दिवाडकरांच्या नावाशी गाठ. त्यामुळे शेट बोर्डाच्या बाबतीत गंभीर होते.

‘पेंटर, पिवळा आणि लाल. लांबून दिसला पाहिजे.’

‘पिवळ्यात वैराग्य आहे, शेट.’

‘किती आहे?’

‘काय किती?’

‘वैराग्य हो. थोडं कमी करून मिळेल का? माणसं वडा खायला येतात.’

पेंटरांनी वडा तांबडा करू म्हटलं, तर शेट म्हणाले, लोक म्हणतील जळला. निळा सुचवला, तर म्हणाले, लोक म्हणतील शिळा. तासभर घासाघीस होऊन शेवटी पिवळाच लागला आणि पेंटरांनी जाताजाता आपली बाजू सावरली, ‘वैराग्य खाल्ल्यानंतर येतं, शेट. बिल दिलं की.’ तो बोर्ड आजही आहे. त्यातला ‘व’ जरूर पाहावा. त्याचं पोट असं टम्म फुगवलंय आणि वर पांढऱ्याची एकच बारीक चमक अशी मारलीय की कढईतून आत्ता काढलाय. मला विचाराल तर पेंटरांनी रंगातून मांडलेली सगळ्यात अस्सल भावना ती. पण ते त्यांना सांगायची सोय नाही.

त्यांचे कुलदैवतांसारखे काही ठेवणीतले पुरुष आहेत. कुणी ‘तुमचं शिक्षण?’ म्हटलं की ते एकेक बाहेर निघतात. आर. के. लक्ष्मणना जे.जे.ने प्रवेश नाकारला. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर कुठल्या कलाशाळेत गेले नाहीत. नाटकांचे पडदे रंगवले, कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. डहाणूकडचे जिव्या सोमा मशे तर शाळेच्या भानगडीतच पडले नाहीत, आणि सरकारने २०११ साली पद्मश्री दिली. यादी बिनचूक आहे. तिच्या शेवटी पेंटर जरा थांबतात आणि विनयाने जमिनीकडे बघतात. पाचवं नाव आपण घ्यायचं असतं.

‘बाबूरावांनी तर पेंटर हेच नाव लावलं,’ मी एकदा म्हणालो, ‘मग तुम्हालाच का टोचतं?’

‘त्यांना कोणी गेटचा भाव विचारत नव्हतं,’ पेंटर म्हणाले. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वारशाचा धंदा मात्र फार्महाऊसवाल्यांनी वाढवला. नेरळपासून कशेळ्यापर्यंत जिथे कंपाउंड तिथे वारली. वारली समाज राहतो तिकडे वर डहाणू-तलासरीला. आमच्या तालुक्यात ठाकर आणि कातकरी. पण ठाण्याहून आलेल्या साहेबांना भिंतीवर वारलीच हवी असते. पेंटर सुरुवातीला तत्त्वाने नाही म्हणाले. मग साहेबांनी फुटाचा भाव सांगितला आणि तत्त्व भिंतीला लागलं. खाली गेरू, वर पांढऱ्या रेघा. मूळची पद्धत तांदळाच्या पिठाची, लग्नाचा चौक सवाष्णींनी लिहायचा. पेंटरांनी डब्यातला ॲक्रिलिक पांढरा घेतला, कारण पीठ मुंग्या खातात. मधोमध तारपा वाजवणारा, भोवती हातात हात घालून नाचणाऱ्यांचं गोल गोल वेटोळं. साहेब बघायला आले.

‘हा मधला माणूस नागाला का फुंकतोय?’

‘तारपा आहे साहेब, वाद्य.’

‘नको, मिसेस घाबरतील. आमचा मुलगा गिटार वाजवतो, ती घाला ना.’

आज त्या भिंतीवर चाळीस-पन्नास वारली माणसं गिटारभोवती फेर धरून आहेत, बाजूला चौकोनी स्विमिंग पूल आहे आणि त्यात एक त्रिकोणी बाई पोहते आहे. मी तोंड वाकडं केलं तर पेंटर म्हणाले, ‘वारसा पुढे न्यायचा असतो. मागे ठेवून कसं चालेल?’

वारसा कसा ‘करतात’, हे ते चौककडच्या एन. डी. स्टुडिओत शिकले, असं त्यांचं म्हणणं. ‘जोधा अकबर’चा किल्ला तिथे उभा राहिला तेव्हा रंगकामाला पुष्कळ हात लागले, त्यातले दोन आपले, असं ते सांगतात. प्लाय, प्लास्टर आणि थर्मोकोलची काल उभारलेली भिंत. तिला आज चारशे वर्षं लावायची. स्पंजाने करडा थोपटायचा, सांध्यांतून काळपट पाणी ओघळू द्यायचं, कोपऱ्यात शेवाळाचा हिरवा, आणि हात जातो त्या उंचीवर जरासा तेलकटपणा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माणसं टेकून उभी राहिली असं वाटतं. ‘एका भिंतीला दीड दिवस,’ पेंटर सांगतात. तेव्हापासून घाई असलेल्या गिऱ्हाइकाला ते विचारतात, ‘वारसा किती सालचा पाहिजे? शिवकालीन उद्या संध्याकाळी देतो. सातवाहन पाहिजे तर सोमवार उजाडेल.’

तरी त्यांना खरे सातवाहन दाखवावेत म्हणून आम्ही काही जण त्यांना कोंढाण्याच्या लेण्यांत घेऊन गेलो. राजमाचीच्या पायथ्याला, उल्हासच्या खोऱ्यात, दोन हजार वर्षांहून जुनी लेणी. आमच्याच तालुक्यात असून दहिवलीतल्या निम्म्या लोकांनी न पाहिलेली. तिथे चैत्याच्या दर्शनी भागात एका तुटक्या मूर्तीजवळ ब्राह्मीत एक ओळ कोरलेली आहे. अर्थ एवढाच की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. आपल्याकडे जुन्या कारागिराचं नाव सापडणं दुर्मीळ, आणि ते आमच्या तालुक्यात सापडावं याचा मला केवढा अभिमान! मी तो मोठ्या आवाजात व्यक्त केला. पेंटर अस्वस्थ झाले.

‘म्हणजे दगड फोडला याने आणि नाव आधी गुरूचं?’

‘शिष्य होता ना तो.’

‘असू दे. पण छिन्नी कोणाच्या हातात होती?’

कोंदिवड्यापर्यंत खाली येईस्तोवर ते एक शब्द बोलले नाहीत. गाडीत बसताना मात्र बलकाला त्यांनी माफ केलं. ‘तेव्हाही सर्टिफिकेटशिवाय काम देत नसतील. बिचाऱ्याचा नाइलाज.’

आता मी जे सांगतो ते त्यांच्या कानावर जाऊ नये. पेंटर अक्षर लिहायला बसतात तेव्हा ब्रश टेकवण्याआधी डावा हात उजव्या कानाच्या पाळीला लागतो. गाणाऱ्यांचा लागतो ना उस्तादाचं नाव घेताना, तसा. मी एकदा विचारलं, कानाला काय झालं? म्हणाले, माशी होती. पुढच्या बोर्डालाही माशी होती. ऐन थंडीत, जेव्हा दहिवलीत औषधालाही माशी मिळत नाही, तेव्हाही होती. बाजारात जुनी माणसं सांगतात की पोरगा असताना हे कल्याणला एका म्हाताऱ्या बोर्डवाल्याकडे डबे उचलायला आणि रॉकेलमध्ये ब्रश धुवायला होते. कल्याणच्या एका गल्लीत गंजलेला एक बोर्ड मी पाहिला आहे. त्यातल्या ‘ह’ची शेपटी खाली येऊन अशी वळते की जणू मांजर बसलंय. तीच शेपटी दहिवलीच्या सगळ्या ‘हॉटेलां’ना आणि ‘हार्डवेअरां’ना आहे. मी हे पेंटरांना सांगितलं.

‘त्यांनी माझा पाहून काढला असेल.’

‘बोर्डावर साल आहे. तेव्हा तुम्ही दुसरीत असाल.’

‘दुसरीत माझं अक्षर चांगलंच होतं,’ पेंटर म्हणाले.

जवळच्या एका वाडीतून एकदा एक आजी आणि त्यांचा नातू आले. आजोबा वारले होते, दिवसकार्याला फोटो हवा होता आणि आधार कार्डाशिवाय फोटो नव्हता. आधार कार्डावरचा माणूस कसा दिसतो हे मी सांगायला नको. पेंटरांनी चित्र काढलं, मोठं केलं आणि त्यात भावना घातली. आजींनी बराच वेळ पाहिलं.

‘ह्यांना कावीळ कधी झाली?’

‘आजी, तो भाताचा हिरवा आहे. त्यांचं शेताशी असलेलं नातं चेहऱ्यावर आणलंय.’

‘नातं होतं बाबा, पर असं त्वांडावर उगावलं नव्हतं.’

पेंटरांचा चेहरा उतरला. एरवी त्यांनी कोष्टकाकडे बोट दाखवलं असतं. त्या दिवशी मोडा पुढे ओढून आजींसमोर बसले. टोपी कशी घालायचे? सरळ की कलती? कुठल्या कानावर? बोलताना तोंडाकडे बघायचे की दुसरीकडे? आजी सांगत गेल्या, पेंटर सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर रेघा मारत गेले. परवा या म्हणाले. परवा चित्र तयार होतं. टोपी उजव्या कानावर कललेली, एक पापणी दुसरीपेक्षा किंचित जड, आणि नजर बघणाऱ्याच्या खांद्यावरून मागे कुठेतरी, बांधावर गुरं शिरलीत का ते बघावं तशी.

आजी म्हणाल्या, ‘हां. आता हायेत. माझ्याकडं लक्ष नाय.’

पैसे घेताना पेंटर काही बोलले नाहीत. मीच नंतर विचारलं, त्या हिरव्याचं काय केलंत? ‘आहे,’ म्हणाले, ‘टोपीच्या सावलीत. पांढऱ्याला सावली द्यायला काहीतरी लागतंच ना.’

पावसाळ्यात त्यांची बोलती तशीही बंद असते. आमच्याकडचा पाऊस असा की ऑइल पेंट आठवडा आठवडा वाळत नाही. बोर्डाची कामं थांबतात. मग पेणहून कच्च्या मूर्ती येतात आणि दुकानात पाय ठेवायला जागा राहत नाही. अंगाचा रंग, पितांबर, दागिने हे पुतण्या आणि त्याचे मित्र उरकतात, हल्ली स्प्रे गनने. डोळ्यांची आखणी मात्र पेंटरांची. वरच्या पापणीची रेघ एका श्वासात गेली पाहिजे. मध्ये श्वास घेतला की गणपती दचकलेला दिसतो. अशा वेळी पुतण्याने एकदा उत्साहाने मोबाइल पुढे करून विचारलं, ‘काका, या डोळ्यांत कोणती भावना?’ पेंटर रेघ पूर्ण होईपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, ‘अजून एक शब्द बोललास तर तुझ्या डोळ्यांत दाखवतो.’

गेल्या वर्षी त्यांनी प्रदर्शन भरवलं. मुंबईत जहांगीरला भरवायचं होतं. पण १९५२ पासून तिथे सगळा महाराष्ट्र रांगेत उभा आहे, त्यामुळे पेंटरांनी गावातलं मंगल कार्यालय घेतलं. पितृपंधरवडा होता, लग्नं नाहीत, हॉल निम्म्या भाड्यात. प्रदर्शनाचं नाव ‘वारसा’. पितृपंधरवड्यात वारसा म्हटल्यावर पहिले दोन पाहुणे शर्ट काढूनच यायचे बाकी होते. एका काकांनी दारात हळूच विचारलं, ‘तिथी कुणाची?’

चित्रांच्या मालिकेला त्यांनी ‘कर्जत–१’ ते ‘कर्जत–७’ अशी नावं दिली होती. हे जरा अंगाशी आलं. आमच्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या वाणांची नावंही अशीच, कर्जत–३ वगैरे, आणि तालुक्यातला शेतकरी ती नावं नातवंडांच्या नावांसारखी ओळखतो. ‘कर्जत–३’ म्हणजे निळ्यात बुडालेला घाट आणि त्यात एक तांबडा ठिपका. त्याच्यासमोर एक शेतकरी हाताची घडी घालून उभे होते.

‘दाणा कुठाय?’

‘दाणा नाही. हा विरह आहे, आणि हा आक्रोश.’

‘एकरी किती पडतो?’

पेंटरांनी त्यांना घाट, त्यावरून वर जाणारी १८६३ सालची रेल्वे, मागून ढकलणारं इंजिन आणि वर मळवलीला कधीकाळी असलेला रविवर्म्यांचा छापखाना हे सगळं समजावलं. कलेचा वारसा वाऱ्याबरोबर घाटावरून खाली दहिवलीत कसा उतरला, हेही सांगितलं. शेतकऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘आमच्याकडे त्या वाऱ्यानं भात आडवा होतो.’

तीन दिवसांत एकही चित्र गेलं नाही. विकला गेला तो फक्त फाटकाजवळचा हातभर पत्रा. त्यावर पेंटरांनी पिवळ्यावर लाल अक्षरांत ‘प्रदर्शन इकडे’ लिहून बाण काढला होता, आणि बाण असा की बघणाऱ्याचे पाय आपोआप वळावेत. कार्यालयाच्या केटररने तो शेवटच्या दिवशी मागितला. ‘प्रदर्शन’ खोडून ‘जेवण’ करून द्या, म्हणाला. भाव ठरला, पेंटरांनी ब्रश काढला, माशी हाकलली आणि उभ्याउभ्या ‘जेवण’ लिहून दिलं.

केटरर दहिवलीचाच. वडेवाल्याच्या बोर्डाची गोष्ट त्याच्याही कानावर आलेली होती. तो जरा घुटमळला.

‘पेंटर, पिवळा आहे म्हणून विचारतो. यात वैराग्य वगैरे काही नाही ना? पुढच्या महिन्यात पाचशे पानं आहेत.’

‘नाही हो,’ पेंटर म्हणाले, ‘हा नुसता ऑइल पेंट. उद्यापर्यंत हात लावू नका.’